पाठीवर हात पडेपर्यंत

सत्काराची शाल अंगावर पडली की मला चिडायला होतं. घरात शालींचा ढीग साठलाय. बायकोनं निम्म्या नणंदांना वाटल्या तरी कपाटाचं दार लागत नाही. प्रत्येक सत्काराला कुणीतरी उठतं आणि माइकवर म्हणतं, "यांच्या पकडीतून आजवर कुणी सुटलेलं नाही!" टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो. लोक म्हणतात, एवढा मोठा खेळाडू पण किती साधा बघा. साधा कसला डोंबलाचा! त्या वाक्याला मी घाबरतो.

मी कबड्डी खेळायचो. हौसेची नव्हे, पोटापाण्याची. जागा डावा कोपरा. ज्यांनी कबड्डी शाळेत सोडली त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या संघाचा एक जण दम धरून, तोंडानं कबड्डी-कबड्डी करत आमच्या हद्दीत शिरतो, तो चढाईवाला. आम्ही सात जण त्याला धरायला उभे असतो. दोन टोकाचे दोघे ते कोपरे. चढाईवाल्याचा पाय पुढं आला की कोपऱ्यानं खाली झेप घ्यायची आणि घोटा धरायचा. त्याचा हात मधल्या रेषेला लागला की तो सुटला आणि ज्यानं ज्यानं धरलं ते सगळे बाद. म्हणून रेषेपर्यंत पोचू द्यायचं नाही, धरून ठेवायचं. झालं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या घोट्यांवर गेलं. चार बोटं वाकडी झालीत, दोन्ही खांदे निखळून परत बसवलेत, गुडघ्याला टाके आहेत. उजव्या हातानं चहाचा कप धरता येत नाही. त्याची माझी काही तक्रार नाही, या धंद्यात ते ठरलेलंच असतं.

गाव पिंपळी. शाळेच्या मागं आमचं मैदान होतं. माती चाळायची, दगड वेचायचे, संध्याकाळी पाणी मारायचं, मग खेळायचं. शिकवायला आबा होते. आबा कारखान्यात ऊस वजन करायच्या काट्यावर नोकरीला. ड्युटी सुटली की सायकलवरनं तसेच खाकी कपड्यात यायचे. तोंड फाटकं, हात त्याहून फाटका. पण घोटा कसा धरावा हे आबांकडून शिकावं. अंगठा कुठं, करंगळी कुठं, हनुवटी कुठं ठेवायची, सगळं हाताला धरून शिकवलं.

आणि एक गोष्ट त्यांनी मारून शिकवली. आमच्याकडच्या सामन्यांना बघायला आलेल्यांपैकी दहा जणांच्या तोंडात शिट्टी असते. पोरंबाळं, म्हातारे, कुणीही. चढाईवाला धरला की आपल्या गावच्या गड्याला सोडवायला मुद्दाम शिट्टी मारतात. कोपऱ्यानं फसून सोडलं की गडी रेषेवर! म्हणून आमच्याकडचे पंच शिट्टी मारून थांबत नाहीत, पळत येऊन धरणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतात. आबा म्हणायचे, "शिट्टीवर सोडायचं न्हाय. शिट्टी काय, गाढव बी मारंल. पंचाचा हात पाठीवर पडला की सोडायचं. तवर आभाळ कोसळू दे."

चढाईवाले पण महाबिलंदर, गोंगाटात दम सुटलेला पंचाला कळत नाही हे त्यांना ठाऊक. धरला की ओरडायचे, "सोड, सोड, पाय मोडला!" पणदरेच्या एका गड्यानं "आई गंऽऽ" करून असा गळा काढला की मी घाबरून हात सोडला. तो टुणकन उडून रेषेवर, आणि वर मला दात दाखवतोय. आबांनी मैदानातच माझ्या कानाखाली काढली. "तू काय त्याचा डागदर हाईस का? धरनारा हाईस. धर." त्यानंतर मी 'सोड' या शब्दाला कान देणं बंद केलं. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या खेळात माणसाला गावानं हाक मारतात. मी पिंपळी. तो कळंब.

कळंब चढाईवाला होता. इंदापूर तालुक्यातला, माझ्याच वयाचा, सडसडीत, हसरा. दोन-तीन वर्षं प्रत्येक स्पर्धेत आमची गाठ पडायची. मैत्री म्हणावी अशी नव्हती, पण नजरानजर झाली की दोघांच्या तोंडावर हसू यायचं. त्या दिवशी फायनल आमच्यात आणि त्यांच्यात होती. पुढच्या खुर्चीत बाहेरच्या मोठ्या संघाचे साहेब बसलेले, पोरं निवडायला आलेले. त्यांच्यासमोर नीट खेळलं तर जन्माचं कल्याण होणार, हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. सामन्याआधी मी बोटांना पट्ट्या गुंडाळत बसलो होतो, तर कळंब समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पिंपळी, आज पाय घासून धुऊन आलोय. तुलाच धरायचाय म्हनून."

मी म्हणालो, "साबण लावून आलास तरी सुटायचा न्हाईस."

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं पुढं. कळंब आला, आणि सांगितल्याप्रमाणं माझ्याच अंगावर आला. उजवा पाय आत टाकला. मी झेपावलो आणि घोटा हातात आला. चांगला बसला. त्यानं तसाच रेषेकडं सूर मारला, तेवढ्यात आमचे मधले दोघे त्याच्या अंगावर कोसळले, तिसरा त्यांच्यावर. कळंब खाली, अंग पिळलेलं, एक हात पुढं लांब केलेला. रेषा वीतभर लांब होती.

आणि तो म्हणाला, "सोड."

ओरडला नाही. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला. माझं तोंड त्याच्या पोटरीपाशी होतं, अंतर ते किती? त्याचा दम थांबला होता. आणि पायात ओढ नव्हती. हे लक्षात घ्या. सोंग करणारा तोंडानं 'सोड' म्हणतो तेव्हा त्याचा पाय वाट बघत असतो, आतनं ताठ असतो. वासराचा पाय धरला तरी ते झटका देतं. हा पाय माझ्या हातात नुसता पडून होता. माझ्या हाताला कळलं, मला कळलं. आणि मी काय केलं? तो जड झालाय, हात खाली पडताना चुकून रेषेला लागायचा, म्हणून मी त्याला घोट्याला धरून हातभर मागं ओढलं.

मग माझ्या पाठीवर पंचाचा हात पडला. मी सोडलं. उठलो, मांडीवर थाप मारली, हात वर करून आमच्या पोरांकडं पळालो. फटाके लागले. पकड झाल्यावर चढाईवाल्याला हात देऊन उभं करायचं, ही आमच्याकडची रीत. नाचून झाल्यावर ती आठवली. परत आलो, हात पुढं केला. कळंब पाठीवर पडून माझ्याकडं बघत होता. मी त्याच्यासमोर दोन्ही हात मोकळे घेऊन उभा, आणि तो मला म्हणाला, "पिंपळी, आरं अजून पाय धरून काय बसलायस? सोड की आता."

माझं काळीज लक्कन हललं. आजही हे लिहिताना हललं.

टेंपोत घालून त्याला बारामतीला नेलं, तिथून पुण्याला. पाठीचा मणका गेला होता. कमरेखाली सगळं बंद, ते कायमचं. दुसऱ्या दिवशी कळंबची चार मोठी माणसं आबांच्या ओट्यावर येऊन बसली. भांडायला नाही आली, विचारायला आली. त्यातल्या एका तात्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुज्यावर आळ घेत न्हाय बाबा. फक्त सांग, पोरगं काय बोललं हुतं का? सोड म्हनलं हुतं का?"

मी म्हणालो, "न्हाय तात्या. लई गोंगाट हुता. काय बी ऐकू आलं न्हाय."

आबा म्हणाले, "पोरगं खोटं बोलनार न्हाय." तात्यांनी मान डोलावली, चहा पिऊन चौघं गेले. तिथं कुणी माझ्या तोंडात मारली असती तर फार बरं झालं असतं. आठ दिवसांनी साहेबांच्या संघाकडून बोलावणं आलं. त्यांना ती पकड आवडली होती. म्हणे, एवढे जण कोसळले तरी या पोरानं घोटा सोडला नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी बॅग भरली आणि गेलो.

पुढची वर्षं लोकांनी टीव्हीवर बघितली. मातीवरनं मॅटवर आलो, आंघोळ घातल्यासारखे दिवे अंगावर, गाण्याच्या तालावर मैदानात शिरायचं. खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. बारामतीत चौकाचौकात माझे फ्लेक्स लागले, त्यातल्या एकावर माझं डोकं दुसऱ्याच कुणाच्या धडावर होतं. मॅटवर एक बरं असतं, बूट घालतात. घोटा बुटासकट हातात येतो, उघडं कातडं कमी लागतं. हे मी कधी कुणाला बोललो नाही. पण एखाद्याचा बूट निघून हातात मोजा यायचा, ऊन ऊन घोटा लागायचा, आणि माझ्या कानात तो शब्द यायचा. हैदराबादला आला, पाटण्याला आला, हजारो माणसं बोंबलत असताना आला. शेजारी बसून म्हणावं तसा. तो आला की मी आणखी जोरात आवळायचो. लोकांना वाटायचं काय जिद्द आहे! जिद्द नव्हती, मी एका माणसाचं तोंड दाबत होतो.

डॉक्टरला एकदा विचारलं पण. संघाचाच डॉक्टर होता. मित्राचं म्हणून विचारलं, पाठीला लागलेल्याला ओढलं तर वाढतं का? तो म्हणाला, "वाढू शकतं. ज्याचं आधीच तुटलंय त्याचं आधीच तुटलेलं असतं, पण वाढू शकतं. कुणी सांगू शकत नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मित्र कुठला?" मी म्हणालो, गावाकडचा.

कळंबला जायला मी निघालो नाही असं नाही. एकदा सुट्टीत फळं घेऊन निघालो होतो. वालचंदनगरच्या अलीकडं पोचलो आणि थांबलो. पिशवी कॅनॉलच्या पुलाच्या कठड्यावर ठेवली आणि गाडी वळवली. कुणीतरी खाल्ली असतील. त्यानंतर निघालोही नाही. खेळ संपू दे, मग जाऊ. बहिणीचं लग्न होऊ दे, मग जाऊ. पोरगी शाळेत जाऊ दे. बारा-तेरा वर्षं अशी जायला काही लागत नाही, आपोआप जातात.

माझा खेळ संपला तो असा. एका उपांत्य सामन्यात चढाईवाल्यानं उजवा पाय माझ्यासमोर टाकला, अगदी ताटात वाढल्यासारखा, आणि मी झेपच घेतली नाही. उभा राहिलो. तो बोनस घेऊन, एकाला शिवून आरामात परत गेला. कोच बाकावरनं किंचाळला. परत तेच झालं. तिसऱ्यांदा मला बाहेर बसवलं आणि पुढच्या वर्षी मला कुणी घेतलं नाही. लोकांना मी गुडघा सांगतो.

आता बारामतीत असतो. नोकरी करतो आणि संध्याकाळी एका शाळेच्या मुलींना शिकवतो. पोरी जबरी आहेत. मी त्यांना अंगठा, करंगळी, हनुवटी सगळं शिकवतो. कधी सोडायचं ते शिकवायची वेळ आली की पाणी प्यायला पाठवतो.

गेल्या हिवाळ्यात पणदरेला स्पर्धा होत्या. पोरी सकाळीच जीपनं पुढं गेल्या, मी नोकरीवरनं दुपारी मोटरसायकलनं निघालो. गावाच्या अलीकडं दूध संकलनाचं केंद्र लागतं, तिथवर स्पर्धेचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. समालोचन चाललेलं. असलं झकास समालोचन मी टीव्हीवर पण ऐकलं नव्हतं. "आली आली, पणदरेची वाघीण आली, कोपऱ्याकडं बघतीया, पन शिवतीया मधल्याला! धरा गं बायांनो, नुसत्या बघताय काय, सासरला चाललीया व्हय ती?" लोक हसत होते. मी पण हसलो. आणि हसता हसता कान टवकारले. आवाज ओळखीचा होता.

मी गाडी थांबवली. शेजारी एक गडी कॅन धूत होता, त्याला विचारलं, कोण बोलतंय? म्हणाला, "कळंबचा हाय की. चाकाच्या खुर्चीत बसून बोलतोय. आता सगळ्या स्पर्धांना त्यालाच बलीवत्यात. ठाव न्हाय व्हय तुमास्नी? पूर्वी लई भारी खेळायचा म्हनं."

मी गाडी वळवली. पोरी कोचाशिवाय खेळल्या आणि हरल्या. कॅप्टननं फोन केला, "सर, तुम्ही कुठं आहात?" मी सांगितलं गाडी पंक्चर झाली. पोरीला खोटं सांगताना जीभ अडखळली नाही याची मला जास्त लाज वाटली.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायको मागं लागली. तिचा स्वभाव असा की दाढ उपटल्यासारखं आतलं बाहेर काढते. शेवटी मी सगळं सांगितलं. सोड म्हणाला होता ते, ऐकलं होतं ते, ओढलं ते, तात्यांना काय सांगितलं ते. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिला पहिल्यांदा सांगत होतो. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे हो, तुम्ही तरी काय करणार. ती पोळ्या झाकून ठेवत म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय कळंबची हाय?"

मी भडकलो. ताट सरकवलं, नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खाई त्याला खवखवे. माझ्यावर ओरडून घसा बरा व्हायचा न्हाय."

रविवारी दुपारी मी कळंबला गेलो. रिकाम्या हातानं. या वेळी पूल ओलांडला.

रस्त्याला लागून स्लॅबचं घर, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला गोठा. त्याच्या आई पडवीत होत्या. मला बघून थबकल्या आणि एकदम तोंडभर हसल्या. "आगं बया! टीव्हीतला हाय की ह्यो! ये, ये बाबा." त्या बोलतच राहिल्या. "तुझी एक म्याच सोडली न्हाय आमी. आमचा ह्यो काय करायचा ठाव हाय का? टीव्हीचा आवाज बंद करायचा आन् सोता बोलायचा. तू दिसलास की लई बोलायचा. तितंच शिकला ह्यो माइकवर बोलायला. माझं डोकं उठायचं बघ."

तो आत खुर्चीत होता, मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत. खांदे आणि दंड अजून चांगले भरलेले, केस मात्र विरळ झालेले. पायांवर चादर होती. त्यानं मान वर केली. हसला नाही.

"पिंपळी," तो म्हणाला.

"व्हय."

"बस. आई, च्या टाक."

मी खाटेवर बसलो. त्यानं मूठभर शेंगा माझ्याकडं सरकवल्या. माझ्या बोटांना शेंग फुटेना. तो बघत होता. येताना वाटेत मी सगळं घोकलं होतं, कशानं सुरुवात करायची, मध्ये काय म्हणायचं. त्यातलं काहीएक आठवलं नाही.

"तू त्या दिवशी सोड म्हनला हुतास," मी म्हणालो. "मी ऐकलं हुतं. तुमच्या तात्यांना खोटं बोललो."

तो शेंगा फोडत राहिला. "ठाव हाय."

"कसं ठाव?"

"तुझी बोटं सैल झाली हुती. मी सोड म्हनलं, आन् तुझी बोटं सैल पडली. मला बरं वाटलं. म्हनलं, चला, कळलं याला." त्यानं टरफलं खाली टाकली. "मग परत आवळलीस. पायाला कळल्यालं शेवटचं तेवढंच."

मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ सांगतो, माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी एका गोष्टीला टेकून उभा होतो की सवय होती, आबांनी मारून लावलेली सवय, हातानं आपलं काम केलं. आणि हा सांगत होता की माझे हात सोडायला निघाले होते. बोटं शहाणी होती. मी त्यांना परत आवळलं. मी, साहेब खुर्चीत बसलेत हे ज्याला माहीत होतं तो मी.

मी म्हणालो, "मग तू कुनाला बोलला का न्हाईस?"

"बोलनार हुतो. पन आधी तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं मला. दवाखान्यात दाराला कुनी दिसलं की वाटायचं, पिंपळी आला. पुण्याला वाटायचं. हितं आल्यावर बी वाटायचं. येईल, दिवाळीला येईल. मोठा झालाय, वेळ मिळना, सीझन संपला की येईल." आता त्याचा आवाज चढला. "पकडीचा राग न्हाय मला. पकड खेळात बसती. साहेब बसल्यालं असताना मी तुझ्या जागी असतो तर मी बी आवळलं असतं, खोटं कशाला बोलू? पन तू आला न्हाईस. ते कशात बसतं, सांग की! कुठल्या नियमात बसतं?"

"मला भ्या वाटलं," मी म्हणालो.

"मला न्हाय वाटलं व्हय?"

त्याच्या आई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही. त्यांनी कप खाली ठेवले आणि गोठ्याकडं निघून गेल्या. मला रडू आवरेना. तेरा वर्षं मी त्याच्या शरीराचा हिशेब करत होतो, आपण मोडलं की आधीच मोडलं होतं. आणि हा माणूस दाराकडं बघत बसला होता, याचा हिशेब माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आपण किती स्वतःपुरते असतो याची मला घाण वाटली.

मी उठलो आणि वाकलो, त्याच्या पाया पडायला. दुसरं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं माझा दंड धरला. चढाईवाल्याचा हात, अजून तेवढीच ताकद.

"उठ. पाया पडून सुटायचं बघू नकोस."

मी उठलो.

"शनवारी मला इंदापूरला न्यावं लागतंय, दवाखान्यात," तो म्हणाला. "खुर्चीतनं गाडीत ठेवायला मानूस लागतंय. चुलतभाऊ यायचा, तो आता पुण्याला गेला. आईच्यानं हुत न्हाय."

"मी येतो."

"दर शनवारी असतंय."

"येतो."

"सातला निघायचं असतंय." त्यानं सूप परत मांडीवर घेतलं. "आन् न्हाय जमलं तर आत्ताच न्हाय म्हन. येतो म्हनून जाऊ नकोस. मी परत दाराकडं बघत बसनार न्हाय."

मी चहा प्यायलो, गार झालेला, आणि निघालो. बायकोला एवढंच सांगितलं की शनिवारी मी लवकर जाणार. ती बरं म्हणाली.

शनिवारी साडेसहालाच मी त्यांच्या पडवीत पोचलो. तो अजून उठला नव्हता. त्याच्या आईंनी माझ्याकडं बघितलं, बसायला प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली, आणि तो जागा होईपर्यंत मी तिथं बसून राहिलो.